तावडे काकांचा दुसरा माणूस

तावडे काका घरातला बल्ब एकटे बदलत नाहीत. ते नवा बल्ब आणतात, स्टूल मांडतात, मेन स्विच बंद करतात आणि मग समोरच्या दाराची, म्हणजे आमची, बेल वाजवतात. "दुसरा माणूस पाहिजे," एवढंच म्हणतात. दुसऱ्या माणसाने काही करायचं नसतं. कपडे वाळत घालायची लाकडी काठी हातात धरून स्टुलापासून तीन फुटांवर उभं राहायचं आणि काकांकडे बघत राहायचं. त्यांना शॉक लागलाच तर हात न लावता काठीने ढकलायचं. बल्ब लागला की ते "सुटलीस" म्हणतात आणि दार लावून घेतात.

माझ्या बाबांनी एकदा विचारलं, "अहो, मेन बंद केलंय ना तुम्ही? मग शॉक कसा लागेल?"

काका स्टुलावरून खाली उतरले. "बंद केलंय, हे कोणी बघितलं?"

"तुम्हीच."

"मी एक झालो. दुसरा कोण?"

बाबा गेले आणि मेन स्विच बघून आले. तोपर्यंत काका स्टुलाशेजारी बल्ब घेऊन उभे होते, वर चढले नाहीत.

घाटकोपर पूर्वेच्या आमच्या सात मजली बिल्डिंगमध्ये बहुतेक सगळ्यांनी कधी ना कधी ती काठी धरली आहे. सेक्रेटरी शहा अंकलनी गीझरच्या वेळी धरली होती, पण मध्येच त्यांचा फोन वाजला आणि ते सुरतच्या मेहुण्याशी बोलत बोलत गॅलरीत गेले. नापास. आई बोलते फार, म्हणून नापास. "काही होत नाही हो" असं दोनदा म्हणाल्याबद्दल बाबाही नापास. शेवटी काका आमच्याकडे आले की दारातूनच "इरा आहे?" असं विचारायला लागले. मी कमी बोलते आणि मोठ्यांसमोर फोन बाहेर काढत नाही, त्यामुळे मी पास झाले असेन, असा माझा समज होता.

काका एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिक मेंटेनन्सला होते. कारखाना बंद पडला, तिथे टॉवर उभे राहिले, काका निवृत्त झाले. लग्न केलं नाही. "शिफ्ट ड्युटीत राहून गेलं," असं सांगतात, जसं एखादं लग्नाचं आमंत्रण राहून जावं. मूळचे कुडाळकडचे. एरवी आमच्यासारखंच मराठी बोलतात, पण रागावले किंवा हळवे झाले की मालवणीत घसरतात. दोन्हीपैकी नेमकं काय झालंय हे चेहऱ्यावरून कळत नाही.

अशा माणसाने आपल्या हायब्रिड गाडीचं ट्रान्समिशन स्वतः, खाली पार्किंगमध्ये, बदलायचं ठरवलं.

गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली. पेट्रोलवरही चालते आणि बॅटरीवरही. सहा महिने तिच्या पोटातून जात्यासारखी घरघर येत होती, आणि एके दिवशी समोरच्या स्क्रीनवर लाल त्रिकोण उमटला, तो गेलाच नाही. गॅरेजवाला म्हणाला, ट्रान्समिशन गेलं, एवढ्या जुन्या गाडीत नवीन घालण्यात अर्थ नाही, भंगारात द्या. काकांनी त्याच आठवड्यात कुर्ल्याच्या भंगार बाजारातून तशाच एका ठोकलेल्या गाडीचं धडधाकट ट्रान्समिशन उचलून आणलं. ते टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली.

"काका, तो गिअरबॉक्स तुम्ही एकटे बसवणार?" मी विचारलं.

"गिअरबॉक्स नाही. आत दोन मोटरा आहेत. मोटरा म्हणजे माझाच प्रांत." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "आणि एकटा कोण म्हणालं?"

मला नाही म्हणता येत नाही. ऑफिसातसुद्धा मी नको असलेली कामं "शुअर" म्हणून घेते आणि मग घरी येऊन पोट दुखतंय म्हणून झोपते. काकांना मी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच हलली, हे त्यांनी विचारलं नाही.

पुढचे सगळे शनिवार-रविवार मी पार्किंगमध्ये रबरी चटईवर काठी घेऊन उभी राहिले. आधी इंटरनेटवर सगळं वाचलं. वाचायला नको होतं. या गाडीत जाड नारिंगी वायरी असतात, त्यांतून दोनशे व्होल्टच्या वर वीज जाते. मागच्या मोठ्या बॅटरीला एक नारिंगी प्लग असतो. तो उपटला की वीज तुटते, पण लगेच नाही. दहा मिनिटं थांबायचं, मग रबरी हातमोजे घालून मीटरने तपासायचं, आणि मगच वायरींना हात लावायचा. हे सगळं काकांना पाठ होतं. मलाही झालं. माझी अडचण वेगळी होती. बसमध्ये "उतरायचंय" असं ओरडता न आल्यामुळे मी दोनदा पुढच्या स्टॉपवर उतरले आहे. आणि इथे काही चुकताना दिसलं तर मी ओरडायचं होतं.

काकांनी तालीम घेतली. "गेटवरच्या यादवला ऐकू गेलं पाहिजे. ओरड. थांबा!"

"थांबा," मी म्हणाले.

"गो बाय, हे ओरडणं म्हणायचं की उसासा? परत."

"थांबा."

"यादव!" काकांनी वॉचमनला विचारलं. "कुछ सुनाई दिया?"

"क्या साहब?" यादव म्हणाला.

मीटर वाचायचं कामही माझंच. पहिल्या दिवशी प्लग काढून दहा मिनिटं झाली, काकांनी दोन्ही टोकं वायरीला लावली. "मोठ्याने वाच!"

मीटर अजून स्थिरावत होतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. पन्नासच्या पुढचे मराठी आकडे माझ्या डोक्यात एकमेकांचे कपडे घालून फिरतात. आधी आला एकोणसाठ, की एकोणसत्तर, मी अडखळले, मग त्रेचाळीस, मग चाचपडतानाच आकडा आणखी उतरला.

"इंग्लिशमध्ये सांग गो! जीव माझो आसा!" काका ओरडले.

"झिरो," मी म्हणाले. तोपर्यंत झिरो झाला होता.

तो नारिंगी प्लग दुसऱ्या माणसाजवळच राहायचा, हाही नियम. म्हणजे कितीही घाई झाली तरी पहिला माणूस दुसऱ्याला विचारल्याशिवाय वीज जोडू शकत नाही. "खिशात ठेव," काका म्हणाले. माझ्या कुर्त्याला खिसा नव्हता. मी प्लग पर्समध्ये टाकला आणि सोमवारी तसाच अंधेरीला ऑफिसला घेऊन गेले. मेट्रोच्या तपासणीत बाईंनी तो बाहेर काढून विचारलं, "मॅडम, ये क्या है?" माझ्या मागे तीस माणसं. मी काहीतरी म्हणाले, ते मलाच ऐकू आलं नाही. शेवटी त्याच म्हणाल्या, "मिक्सर का पार्ट है क्या?" मी हो म्हणाले. संध्याकाळी काकांना सांगितलं तर ते दुखावले. "मिक्सर?" एवढंच म्हणाले.

महिना गेला. चाकं निघाली, तेलं निघाली, जुनं ट्रान्समिशन खाली आलं. काकांनी लोखंडी घोडी बनवून आणली होती, खाली चार चाकं, वर साखळीची पुली. बिल्डिंगमधली माणसं ऑफिसला जाता-येता मान वाकवून बघायची आणि "झालं का?" विचारायची. काका उत्तर द्यायचे नाहीत. काम चालू असताना ते बोलत नाहीत, फक्त मधून मधून मान वर करून माझ्याकडे बघतात आणि परत खाली वाकतात. मला वाटायचं, मी पळून तर गेले नाही ना, हे तपासतात.

मग शहा अंकलनी नोटीस लावली. पार्किंगच्या खांबांना तडे गेले होते, सोमवारपासून दुरुस्ती. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत सगळ्या गाड्या बाहेर.

"तावडेभाई, जी गाडी नाय हलली ती टो करून जाणार," शहा अंकल म्हणाले. "भंगारवाल्याशी बोलून ठेवलाय मी. मग मला बोलू नका."

"हलेल," काका म्हणाले.

शनिवारी कुर्ल्याचं ट्रान्समिशन वर चढवायचं होतं. ते साखळीवर लटकत होतं, जवळजवळ शंभर किलोचं. काका गाडीखाली आडवे पडून ते इंजिनाला जुळवत होते. उजवा हात दोन्ही लोखंडांच्या मधल्या फटीत. मी तीन फुटांवर उभी होते आणि मला दिसलं की घोडीचं मागचं एक चाक हळूच वळायला लागलंय.

मला ते अगदी स्पष्ट दिसलं. चाक वळलं, घोडी सरकली, साखळी तिरकी झाली. माझ्या घशात शब्द तयार होता. तो आला नाही. मी तोंड उघडलं आणि दोन पावलं मागे गेले, एवढंच.

दणका झाला तेव्हा काकांचा हात बाहेर होता. बोटाचं साल निघालं होतं. ते उठून बसले, घोडीच्या चाकाखाली लाकूड ठोकलं आणि पुन्हा आडवे झाले. संध्याकाळपर्यंत ट्रान्समिशन बसलं, चाकंही लागली. जाताना एवढंच म्हणाले, "उद्या नऊ वाजता. नारिंगी वायरी."

मी ठरवलं, जायचं नाही. त्या फटीत अडकलेला हात मला सारखा दिसत होता. ज्या माणसाला वाटतं की आपल्यामागे कुणीतरी उभं आहे, त्याच्यामागे मी उभं राहणं हा धोका होता. कुणीच नसतं तर निदान त्यांनी स्वतः काळजी घेतली असती.

रविवारी नऊ वाजता बेल वाजली. "मी नाहीये म्हणून सांग," मी आईला म्हणाले.

"मी खोटं नाही बोलणार हं," आई म्हणाली, गेली, आणि बोलली. "बाहेर गेलीय ती, तावडे."

"बरं," काका म्हणाले. दार लागलं.

प्लग माझ्या पर्समध्ये होता, हे त्यांना माहीत होतं. आईकडे नुसता प्लग मागितला असता तर तिने आणून दिला असता. त्यांनी मागितला नाही.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पार्किंगचा एक कोपरा दिसतो. काका रंगाच्या उलट्या डब्यावर बसले होते. गाडीचं बॉनेट उघडं, नारिंगी वायरी मोकळ्या लोंबत होत्या, हातमोजे मांडीवर. साडेनऊ. दहा. एकेक करून बाकीच्या गाड्या बाहेर पडल्या. शहा अंकल येऊन उभे राहिले, त्यांचा आवाज वरपर्यंत आला. "अरे, बसला काय? करून टाका ना! दोन वायरीच तर राहिल्यात!"

"दुसरा माणूस नाही," काका म्हणाले.

"मी उभा राहतो, चला."

"नको."

अकरा वाजले. काकांनी एकदाही बॉनेटमध्ये हात घातला नाही. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली, खाली बघितलं, आणि कुकर लावायला गेली. तिने कुकरचं झाकण नेहमीपेक्षा जोरात आपटलं.

बारा वाजता मी खाली गेले. सगळं पार्किंग मोकळं झालेलं, मध्ये ही एक गाडी.

"काका, मी..."

"चपला बाहेर होत्या तुझ्या," ते म्हणाले. "आईला खोटं बोलायला लावू नये."

मला रडायला यायला लागलं, पण मी सगळं एका दमात सांगितलं. काल मला दिसलं होतं, माझा आवाज फुटला नाही, तुमचा हात गेला असता, तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी घ्या.

"गेला हात?"

"नाही, पण..."

"का नाही गेला?"

"तुम्ही काढलात."

"मला कसं कळलं काढायचा ते?"

काकांनी मग डोळे मोठे केले, तोंड वासलं, दोन्ही हात छातीशी धरले आणि खुरडत दोन पावलं मागे गेले. ती मी होते. इतकी हुबेहूब होते की गेटवर यादव हसला.

"असलं तोंड बघून हात आत ठेवणारा वेडाच म्हणायचा," ते म्हणाले. "मी मान वर करून कोणाकडे बघतो सारखा? पंख्याकडे?"

"मग ती ओरडायची तालीम?"

"ती तुझ्यासाठी. नुसतं उभं राहा म्हटलं की माणसाला वाटतं, आपण फालतू. काहीतरी काम द्यावं लागतं." ते हातमोजे चढवायला लागले. "माझा कारखान्यातला दुसरा माणूस, घाडी. सव्वीस वर्षं. तो तोतरा होता. त्याचं 'थांब' पूर्ण होईपर्यंत माझा कोळसा झाला असता. पण इतका भित्रा माणूस मी बघितला नाही. पाल दिसली तरी पांढरा पडायचा. त्याच्या तोंडाकडे बघून मी अख्खी नोकरी केली." मग माझ्याकडे न बघता, "तुझ्या बाबांना सगळ्याची खात्री असते. खात्रीवाला माणूस उपयोगाचा नाही. या बिल्डिंगीत सगळ्यात जास्त घाबरणारं कोण, हे मी वर्षभर बघत होतो. लिफ्टचं दार लागायच्या आधी तू पिशवी दोनदा आत ओढतेस."

नोकरीच्या मुलाखतीत विचारतात, तुमचा सगळ्यात मोठा गुण कोणता. मला आजवर कधी उत्तर आलं नव्हतं.

मी काठी घेतली. मीटर वाचलं, इंग्रजीत. काकांनी पहिली वायर बसवली.

"घाडी काका आता कुठे असतात?" मी विचारलं. काम चालू असताना मी पहिल्यांदाच बोलले.

पाना दोनदा फिरला. "रिटायर झालो तसा तो गावी गेला. बायको आधीच गेली होती, एकटाच राहायचा. न्हाणीत पाय घसरला. तिसऱ्या दिवशी दूधवाल्याला संशय आला." काकांनी दुसरी वायर उचलली. "सव्वीस वर्षं. एक ओरखडा येऊ दिला नव्हता मी त्येका."

पुढे साडेपाचपर्यंत काम चाललं. पाणी भरलं, तेल भरलं. ते वर बघायचे, मी तिथे असायचे, ते खाली वाकायचे. जेवायला आईने यादवच्या हातून डबा पाठवला. काकांनी हातमोजे काढून अर्धी पोळी खाल्ली आणि "जेवलंस?" असं विचारून उरलेला डबा माझ्याकडे सरकवला.

सहाला दहा मिनिटं असताना त्यांनी हात पुढे केला. मी पर्समधून प्लग काढून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मागे जाऊन खटकन बसवला. मग पुढे बसून, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं.

काहीच झालं नाही. ना आवाज, ना धूर, ना थरथर. शहा अंकल घड्याळ बघत उभे होते. "नाय ना झाली?" ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त हळहळ होती.

काकांनी काच खाली केली. "बाजूला व्हा, शहा."

गाडी त्यांच्या बुटांच्या दिशेने अजिबात आवाज न करता सरकत होती. शहा अंकल "अरे अरे अरे" करत खांबाला चिकटले. बॅटरीवरची गाडी अशी गुपचूप चालते, हे मी वाचलं होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. ती उतारावरून गेटबाहेर गेली आणि गल्लीतल्या गुलमोहराखाली थांबली. लाल त्रिकोण गेला होता. काका आत बसूनच राहिले. मी धावत गेले, काठी हातात तशीच.

"सुटले का मी?" मी विचारलं.

त्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. "एक काम होतं," ते म्हणाले. "करशील तर. नाहीतर राहू दे." हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. काकांची सगळी वाक्यं हुकमासारखी असतात. "माझा पेपर दारात पडतो. साडेसातला मी आत घेतो, रोज. एखाद्या दिवशी घेतलेला दिसला नाही... तर बेल मार. बेल वाजवूनही दार उघडलं नाही तर यादवकडे चावी असेल, ठेवतो."

मी मान हलवली. या वेळी ती होकाराची होती.

त्याला आता तीन महिने झाले. रोज सकाळी साडेसातला मी दाराच्या भोकातून समोर बघते. पेपर नसतो, मग मी चहा घेते. पंधरा दिवसांतच एका रविवारी पेपर तिथेच पडलेला दिसला. सात एकतीस, सात बत्तीस. मी पायजम्यावरच धावले आणि बेलवर बोट ठेवलं ते उचललंच नाही.

काकांनी दार उघडलं, हातात घड्याळ. "दोन मिनिटं दहा सेकंद. ड्रिल होतं. कारखान्यातही घ्यायचो."

मला भयंकर राग आला. काका माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले, बराच वेळ, जणू तिथे काहीतरी लिहिलंय आणि त्यांना ते सावकाश वाचायचं आहे. आतून घावनांचा वास येत होता. टेबलावर दोन ताटल्या होत्या.

"आता आलंसच तर खा," ते म्हणाले.

तेव्हापासून महिन्यातून एखाद्या रविवारी ड्रिल असतं, आणि योगायोगाने त्याच दिवशी घावनं असतात. आता मला कळतं. परवाच्या रविवारी पेपर बाहेर दिसला तेव्हा मी आधी केस नीट बांधले, चपला घातल्या, आईने दिलेली नारळाची चटणी घेतली. आरामात चालत समोर गेले. बेलवर बोट ठेवलं आणि मग आठवलं. त्यांना दार उघडल्यावर काय बघायचं असतं, ते.

मी चेहरा घाबरलेला केला. फार काही करावं लागलं नाही.